दुसऱ्या मजल्यावर धाप लागणाऱ्यांसाठी

मी रत्नागिरीत कॉलेजच्या मुलामुलींना व्यायाम शिकवते. शाळेत कबड्डी खेळलेली पोरं दहावी-बारावीच्या क्लासेसमध्ये बसून बसून आखडतात. मग घरातून स्कूटी, कॉलेजात बाक आणि रात्री मोबाईल. एखाद्याला अचानक स्फुरण चढतं नि तो थेट पळायला लागतो. आठवड्याभरात नडगी चोळत माझ्यासमोर हजर! पळताना प्रत्येक पावलागणिक वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, चालताना वजनापेक्षा थोडाच जास्त. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. म्हणून पहिले दोन महिने पळणं बंद. एक पाय सतत जमिनीवर राहील, असंच काहीतरी करायचं.

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं चाला. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. पाच दिवस अर्धा अर्धा तास चाललात की १५० भरतात. वेग कसा ओळखायचा? शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण आरती म्हणायला गेलात तर दम पुरता कामा नये. मनगटावरच्या घड्याळावर पैसे घालवू नका.

रत्नागिरीजवळचा भाट्याचा किनारा चालायला उत्तम, मात्र ओहोटीला. ओली, घट्ट वाळू पायाला बरी. कोरड्या वाळूत पाय रुततो, मेहनत वाढते आणि नवख्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. ओहोटी कधी ते आमच्याकडची म्हातारी माणसं बोटांवर सांगतात: तिथीची पाऊणपट करा, ती ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी वर आलेलं असणार. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी आणि उजाडतानाही भरपूर मोकळी वाळू. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे घड्याळ लावून रोज एकाच वेळी गेलात तर काही दिवस पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मिळणारच नाही. त्या दिवशी रस्ता धरा. पुळण समुद्राकडे उतरती असते, तेव्हा गेलात त्याच पट्ट्याने परत या. नाहीतर कमरेच्या एकाच बाजूवर ताण येतो. काचांकडे लक्ष ठेवा. पोहणं सांध्यांना फार चांगलं, पण शिकायचं ते तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. भाट्याला काजळी नदीचं मुख आहे, तिथे ओढ असते.

गावाकडून येणाऱ्यांना तर पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दारातच. चढताना धाप लागते, दुखतं मात्र उतरल्यामुळे: उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. म्हणून आधी थोड्याच पायऱ्या, सावकाश, पूर्ण पाऊल टेकून. रबरी चपला नकोत. पावसात जांभ्यावर शेवाळ धरलं की पाखाडीला रामराम!

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. बहुतेकांचा व्यायाम या धारांमध्येच वाहून जातो. पडवीत करा: जागेवर पावलं टाकणं, हात न टेकवता स्टुलावरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली. असे दोन फेरे, आठवड्यातून दोनदा. हे स्नायूंसाठी आहे, चालण्याच्या बदल्यात नाही. मुलींना ‘बाहेर लोक बघतात’ ही अडचण असते, ती मी खोटी मानत नाही. जोडीने जा, सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र गाठ मारून.

एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत उरका. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पाणी प्या, मीठ घालून आगळाचं (कोकमाच्या रसाचं) पाणी मला साखरेच्या बाटलीबंद सरबतापेक्षा केव्हाही बरं वाटतं. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर निघण्याआधी केळं खा. छातीत दुखलं, शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर थांबा आणि डॉक्टर गाठा. दम्याचा पंप असेल तर तो खिशात हवाच.

आणि खंड पडणारच. गणपतीला गावी गेलात, मोदक झाले, परत येऊन सर्दी-ताप झाला, मग परीक्षा. सोडलं होतं तिथूनच धरायचा हट्ट नको. शेवटी जेवढं चालत होतात त्याच्या निम्म्याने सुरू करा, आठवडाभर तेवढंच ठेवा, मग परत दोन-तीन मिनिटं.