ऑडी टीटीचे फेंडर बदलताना: रंगाआधीच होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या गळीत हंगामात छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना, अंधारात रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीचा कोपरा लागला आणि माझ्या 2009 सालच्या ऑडी टीटीचे डावे फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, चाकाच्या कमानीपाशी आत दबले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या मिस्त्रींनी पत्र्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “सर, ठोकून पुट्टी भरून देतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा.” मी घरून आणलेले फ्रीजवरचे लोहचुंबक आधी दाराला लावले, ते घट्ट चिकटले, मग फेंडरला लावले, तर ते घसरून जमिनीवर पडले. मिस्त्री क्षणभर त्याकडे पाहत राहिले. “मग हा पत्रा आपलं ऐकायचा नाही,” ते म्हणाले.

धातू न ओळखता हातोडी उचलणे ही पहिली चूक. 2006 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टीटीची बॉडी वजनाने सुमारे 69 टक्के ॲल्युमिनियमची आहे. दारे, डिकीचे झाकण आणि मागच्या भागातील तळ मात्र पोलादाचा आहे, कारण इंजिन पुढे असल्यामुळे मागच्या चाकांवरही पुरेसा भार यावा असा हिशेब होता. ॲल्युमिनियम तापले तरी पोलादासारखे लाल होत नाही आणि सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे गॅस फिरवणाऱ्याला पत्रा हाताबाहेर गेल्याचे उशिरा कळते. पोलादावर चालवलेली ग्राइंडरची चकती यावर वापरल्यास लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथूनच रंगाखाली फोड येऊ लागतात. रंग न उडालेला लहानसा पोचा जाणकार माणूस आतून काढू शकतो. पण कमानीची कडच दुमडली असेल, तर फेंडर बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात, म्हणजे पार्टही इथेच मिळेल, हा आमच्याकडचा लाडका गैरसमज आहे. तिथे जुळणी झाली ती इतर मॉडेलांची. टीटी परदेशातून पूर्ण तयार होऊनच येत असे. तेव्हा चासी नंबरवरून नेमका पार्ट नंबर काढून ऑर्डर द्यावी आणि मुकाट्याने वाट पाहावी. विम्याचा दावा करायचा असल्यास सर्व्हेअरने पाहण्याआधी एकही बोल्ट उघडू नये. साध्या पॅकेज पॉलिसीत दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, हेही आधीच लक्षात असलेले बरे.

खरा घोळ होतो तो यानंतर. नवे फेंडर खोक्यातून काढले की थेट रंगाला पाठवले जाते आणि रंगून आल्यावर ते जागेवर बसत नाही असे दिसते. मग कानशीने भोके लांबवली जातात, ओढाताणीत कडेचा रंग कपच्यांनी उडतो आणि दोष मात्र पार्टला दिला जातो. बहुतेक वेळा फेंडर ठीकच असते. ज्या आधारपट्टीवर ते बसायचे, तीच धडकेत काही मिलिमीटर आत गेलेली असते. म्हणून रंगाआधी फेंडर कोरडेच बसवून पाहावे, आणि बोल्ट भोकात सहज जात नसेल, तर जोर न लावता बोनेट उघडून दोन्ही अंगांची तिरकी मापे टेपने घेऊन ताडून पाहावीत.

बसवताना सगळे बोल्ट आधी बोटानेच फिरवावेत. दार हे प्रमाण मानून प्रथम दार आणि फेंडर यांमधली फट जुळवावी, मग बोनेटची, आणि हेडलाइट व बंपर शेवटी. माझ्याकडे फट मोजायचे गेज नव्हते. मी जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे कापले, उजव्या, धड बाजूच्या फटीत ते किती मावतात हे मोजले आणि डावीकडे तेवढेच मावेपर्यंत फेंडर सरकवत राहिलो. त्यात दीड तास गेला. एकदा फट अगदी बरोबर आली आणि गाडी जॅकवरून खाली घेताच बिघडली, कारण उचललेल्या अवस्थेत बॉडी किंचित झुकते. तेव्हा अंतिम माप चारही चाके जमिनीवर असतानाच घ्यावे.

रंगकामात आपल्याकडचे हवा-पाणी आडवे येते. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात नेहमीचे थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडून जाते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो; तिथे सावकाश सुकणारे थिनर लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने घासलेला पत्रा नीट न पुसता रंगवला, तर खाली राहिलेले क्षार ओलावा ओढून घेतात आणि काही महिन्यांत बारीक फोड उठतात. कंपनीकडून आलेला प्रायमर घासून काढू नये, फक्त हलका खरडावा. मेटॅलिक रंग असल्यास कलर कोड बरोबर असूनही एकटे फेंडर वेगळे उठून दिसते, म्हणून रंगाची छटा दारापर्यंत विरवत न्यावी आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पूर्ण दारावर मारावा. त्यासाठी दाराचे पैसे वेगळे पडतात, आणि तिथे घासाघीस करणारा मालक पुढे रोज उन्हात उभा राहून दोन रंग पाहत बसतो.

शेवटी बोल्ट आणि क्लिपा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडला आणि त्यात ओल शिरली, की पत्राच झिजू लागतो आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते. कंपनीचे लेप दिलेले बोल्टच वापरावेत. चाकामागच्या प्लास्टिक अस्तराच्या तुटलेल्या क्लिपाही नव्या घ्याव्यात, कारण एक जरी सुटली, तरी आमच्याकडची काळी माती त्या फटीतून आत जाऊन आठवडेच्या आठवडे ओल धरून बसते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की मी डावे चाक काढून अस्तरामागे बोट घालून पाहतो. यंदा बोट कोरडे निघाले.