गावठी गुलाब: छोट्या बागेतलं कमी कटकटीचं झुडूप

नर्सरीतून आणलेलं लाल गुलाबाचं कलम दोन-तीन वर्षांनी अचानक गुलाबी फुलं देऊ लागतं आणि घरात माती बदलली, पाणी बदललं अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात वर भरलेला लाल गुलाबाचा डोळा (फांदीवरचा कोंब) मेलेला असतो आणि खालचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधलं ते झाड, फुललेला असतो. गुलाबाची कलमं बांधायला आपल्याकडे जे खुंट वापरतात त्यांत एडवर्ड हा एक जुना, आणि गावठी किंवा देशी म्हणून ओळखला जातो तो गुलाब बऱ्याचदा हाच. ज्यांना दर पंधरवड्याला फवारणीचा पंप उचलायचा नाही त्यांनी कलमाच्या मागे न लागता सरळ हा खुंटच लावावा.

नाव गावठी असलं तरी मूळ दूरचं आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर (जुनं नाव बूर्बों) चिनी गुलाब आणि दमास्क (अत्तराचा सुवासिक गुलाब) यांच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुढे आला. चिनी बाजूमुळे वर्षभर टप्प्याटप्प्याने फुलतो, दमास्कमुळे वास येतो. राजस्थानातल्या हल्दीघाटीचा चैती गुलाब, म्हणजे दमास्कच, आणून लावायचा मोह होतो, पण तो वर्षातून एकदाच फुलतो आणि त्याला नीट थंडी लागते. पुण्या-मुंबईत त्याच्या नादी लागू नये.

ओळख सोपी आहे. फूल साधारण ६ ते ७ सेंमी, वाटीसारखं, गडद गुलाबी, तीन-चार-पाचच्या घोसात. पाकळ्या पातळ, वास भरपूर, पण फुलदाणीत एक-दोन दिवसांतच गळतात. लांब दांड्याचं फूल हवं असेल तर हे झाड तुमच्यासाठी नाही.

रोप विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या घरचं झाड छाटताना फांद्या मागून आणा. पेन्सिलीच्या जाडीची, एकदा फुलून गेलेली फांदी निवडा. २० सेंमीचा तुकडा, त्यावर चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर तिरका. असं केलं की उलटी लावण्याची चूकही होत नाही. पानं काढून टाका. निम्मी माती, निम्मी वाळू भरलेल्या पिशवीत दोन-तृतीयांश भाग आत जाईल अशी खोचा, बोटांनी माती घट्ट दाबा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्याचे दिवस किंवा ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. चार फांद्या लावा म्हणजे एखादी गेली तरी हळहळ नको. दोन आठवड्यांत कोवळी पानं दिसतात आणि इथेच लोक फसतात: ती पानं फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात, मुळं अजून फुटायची असतात. मुळं आली का बघायला उपटू नका. पाच-सहा आठवडे जाऊ द्या, मग हलकेच ओढून पाहा; फांदीने धरून ठेवलं तर मुळं आहेत.

अशा स्वतःच्या मुळावरच्या झाडाचा मोठा फायदा म्हणजे बुडातून येणारा प्रत्येक फुटवा आपल्याच गुलाबाचा असतो. कलमाखालचा फुटवा शोधून उपटत बसण्याचं काम उरत नाही.

विकतचं रोप चिकट लाल मातीच्या हुंडीत (मुळांभोवतीच्या गोळ्यात) आलं असेल तर ती हुंडी तशीच खड्ड्यात घालू नका. वाळली की ती विटेसारखी होते, बाहेरचं पाणी आत शिरत नाही आणि मुळं आतच घुसमटतात. बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरची एक-दोन सेंमी माती बोटांनी सुटी करा, मग लावा.

जागा निवडताना निदान ५ ते ६ तास ऊन पाहा, शक्यतो सकाळचं. भिंतीपासून दोन फूट लांब, आंबा-नारळाच्या मुळांपासून दूर. दोन झाडं लावायची तर मध्ये मीटरभर अंतर, कारण हे झुडूप सहज पाच फूट उंच होतं. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. काळी चिकण माती असेल तर तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळा आणि आळं थोडं उंचावर करा. पावसात बुडाशी पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि गावठीलाही ते सोसत नाही. खड्ड्याच्या मातीत ८ ते १० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. ओलं शेण नको, ते मुळाशी तापतं आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण देतं. कुंडीतच लावायचा असेल तर १६ इंचांपेक्षा लहान कुंडी घेऊ नका. चहाचा चोथा घालायची फार हौस असेल तर साखर-दूध धुऊन टाका, नाहीतर मुंग्या येतात आणि त्यांच्या मागोमाग मावा.

लावल्यावर पहिले तीन महिने कळ्या खुडा. जीवावर येतं, पण बुडातून फुटवे त्यामुळेच निघतात. पाणी जमिनीतल्या झाडाला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा ८ ते १० लिटर, उन्हाळ्यात एक दिवसाआड. आळ्यात द्या, पानांवर नको, आणि संध्याकाळी तर नकोच. बुडाशी वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं दोन-तीन इंच आच्छादन ठेवा, खोडापासून चार बोटं सोडून.

आता खरं काम, आणि ते वर्षातून एकदाच: छाटणी. पाऊस पूर्ण थांबल्यावर, दसरा ते दिवाळी यांच्या दरम्यान. कोकणात घाई करू नका. ओल्या हवेत काप लवकर वाळत नाही आणि त्यातून बुरशी शिरते. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा, नाहीतर फांदी चेचली जाते. आधी वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढा. मग सर्वांत जुन्या, राखाडी सालीच्या एक-दोन फांद्या बुडातून. उरलेल्या फक्त एक-तृतीयांशाने कमी करा. हायब्रीड टी (लांब दांड्याच्या मोठ्या फुलांचे गुलाब) यांच्यासारखं गुडघ्यापर्यंत कापलं तर हे झाड रुसतं, नुसती लांब फांदोरी फेकतं. कापताना देठाच्या बगलेतला लालसर, गव्हाच्या दाण्याएवढा डोळा शोधा. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला निवडा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. कापाचा मधला गर पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली या. कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटणीनंतर झाडाला २ किलो शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. साधारण दीड महिन्याने पहिला बहर येतो. छाटणीच्या वेळी मुळं आठ दिवस उघडी टाकायची जुनी पद्धत घरच्या बागेत कशाला? फायदा नाही, मुळं मात्र दुखावतात.

एखादी फांदी पाच-सहा फूट सरळ वर गेली असेल तर ती कापू नका. हळूहळू वाकवून कंपाउंडच्या जाळीला आडवी बांधा. उभ्या फांदीवर शेंड्याचेच डोळे फुटतात. आडवी केली की ओळीने जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो आणि प्रत्येकावर घोस येतो. छोट्या जागेत याहून स्वस्त युक्ती नाही.

बिघडतं काय? पावसाळ्यात काळे ठिपके पडून खालची पानं गळतात. गळू देत, वेचून कचऱ्यात टाका. ऑक्टोबरात नवी पालवी येते. शेंडा काळा पडून फांदी खाली वाळत चालली तर निरोगी भागापर्यंत कापा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम फवारा. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याची जोराची धार पुरते, नाही गेला तर ५ टक्के निंबोळी अर्क. मे महिन्यात पानं निस्तेज, मागे बारीक जाळी: लाल कोळी, पानांच्या खालून पाणी मारा. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर औषध शोधू नका. एकटी राहणारी एक मधमाशी घरट्यासाठी ते तुकडे नेते, झाडाला काही होत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. चिलेटेड फेरस लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.

गुलकंद करायचा असेल तर त्या हंगामात निंबोळी अर्क आणि पाण्यापलीकडे काही मारू नका. फुलं ऊन चढायच्या आत तोडा, नंतर वास उडतो. पाकळ्यांच्या वजनाएवढी खडीसाखर, थरावर थर, काचेची बरणी, तीन-चार आठवडे ऊन. एका झाडाच्या एका दिवसाच्या फुलांत बरणी भरत नाही, म्हणून रोजच्या पाकळ्या आणि साखर त्याच बरणीत वर घालत जा.