इम्प्लांटनंतरची कानातली गुणगुण आणि कोकणातला पावसाळा

कॉक्लियर इम्प्लांटनंतर (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचं उपकरण) बऱ्याच जणांची कानातली गुणगुण कमी होते, कारण श्रवणनसेला पुन्हा संकेत मिळू लागतात. मात्र प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, काढला की ती अनेकदा परतते. थोड्या जणांत वाढते किंवा नव्याने सुरू होते, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.

शस्त्रक्रियेआधीपासून एका वहीत रोज गुणगुणीला 0 ते 10 गुण द्या. प्रोसेसर साधारण 2 ते 4 आठवड्यांनी सुरू होतो. तेव्हापासून दोन आकडे लिहा, लावलेला असताना आणि काढल्यावर. मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसर जुळवून घ्यायच्या भेटीला, वही न्या, त्यावरून ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) संकेतांची पातळी बदलता येते.

रत्नागिरी, मालवणकडे जून ते सप्टेंबर खरी अडचण दमट हवेची. प्रोसेसरचा माइक ओलसर झाला की आवाज खरखरतो, तुटतो आणि गुणगुण डोकं वर काढते. बोल मात्र इम्प्लांटला लागतो! रात्री बॅटरी काढून, प्रोसेसर कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. झिंक-एअर बॅटरी डब्यात नको, ती सुकते. तांदळाच्या डब्यात तर प्रोसेसर मुळीच नको, पीठ माइकच्या जाळीत बसतं.

झोपताना दुसऱ्या कानाला थोडं ऐकू येत असेल तर पंखा किंवा पागोळ्यांचा आवाज पुरतो. नसेल तर अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत प्रोसेसर लावून ठेवा.

गुणगुण अचानक वाढली, सोबत चक्कर, ताप, कानातून स्राव किंवा चेहरा वाकडा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.