थॉमस मान वाचताना ‘हे कुठून घेतलं?’ विचारताय? मग या चुका टाळा

जुलै 1946. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात ब्रिटनचे मुख्य अभियोक्ता हार्टली शॉक्रॉस समारोपाचं भाषण करत होते. जर्मन लोकांवर एक दिवस नियती कोसळेल, कारण त्यांनी स्वतःशीच दगाबाजी केली, अशा आशयाचा एक उतारा त्यांनी वाचला आणि तो जर्मन कवी गटेच्या नावावर सांगितला. गटे असं काही बोलला नव्हता. ते शब्द जर्मन कादंबरीकार थॉमस माननं 1939च्या ‘लोटं इन वायमार’ या कादंबरीत गटेच्या मनात घातले होते. बोभाटा झाल्यावर ब्रिटिश वकिलातीनं थेट मानलाच विचारलं. त्याचं उत्तर साधारण असं होतं: गटे हे बोलला नसेल, पण बोलू शकला असता.

एखाद्या कादंबरीकारावर आधीच्या लेखकांचा प्रभाव शोधायला निघालेल्या माणसानं हा किस्सा टेबलासमोर चिकटवून ठेवावा. शॉक्रॉसच्या हातून झालं ते जगासमोर झालं, आपलं वहीत होतं, एवढाच फरक.

पात्राच्या तोंडचं मूळ लेखकाच्या खात्यावर टाकणं

आपल्याकडे गटे म्हणजे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचलेला जर्मन कवी, बहुतेकांची ओळख तिथेच संपते. ‘लोटं इन वायमार’मधला गटे फार वेगळा आहे. तरुणपणी त्याला जिचा लळा लागला होता आणि त्याच्या ‘वेर्थर’ या कादंबरीत (1774) जी अजरामर झाली, ती शार्लोटं (म्हणजेच लोटं) केस्टनर 1816 साली, 63व्या वर्षी, खरोखर गटेच्या गावी, वायमारला, आली होती. माननं तेवढी घटना उचलली. सातव्या प्रकरणात गटे सकाळी जागा होतो आणि त्याच्या डोक्यातली भिरभिर पानोपान चालते. त्यात गटेची खरी वाक्यं आहेत, मानची आहेत, आणि गटेचं वाक्य मोडून मानने पुन्हा जोडलेलीही आहेत. सांधा दिसू नये हाच तर खेळ. म्हणून या प्रकरणातलं काहीही उद्धृत करायच्या आधी ते गटेच्या छापील लेखनात, पत्रांत किंवा संवादांत सापडतं का ते पाहा. सापडलं नाही, तर ‘मानचा गटे म्हणतो’ असं लिहा. दोन शब्द जास्त जातात, अब्रू वाचते.

नावावरून गाव ओळखणं

ही चूक मी केली आहे, तीही बारा पानं. मानची ‘डॉक्टर फाउस्टुस’ (1947) वाचली आणि फाउस्ट म्हणजे गटेचं नाटक असं धरून दोन्ही पुस्तकं शेजारी मांडून बसलो. जुळतंय थोडं, जुळत नाही ते बरंच. जे जुळेना त्याला मी ‘मानने केलेलं बंड’ वगैरे म्हणून टाकलं. निबंध परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: ‘1587?’

त्या साली फ्रांकफुर्टच्या योहान श्पीस या मुद्रकानं डॉक्टर फाउस्टची जत्रेत खपेल अशी चोपडी छापली. माननं आधार घेतला तो हिचा. त्यातला फाउस्ट सैतानाशी 24 वर्षांचा करार करतो, मुदत संपताना मित्रांना जमवून सगळं कबूल करतो, रडतो आणि नरकात जातो. गटेचा फाउस्ट शेवटी तरतो. मानचा नायक, संगीतकार आद्रियान लेव्हरक्यून, याला तशी सुटका नाही. गटेला बगल देऊन तो मागच्या, खडबडीत चोपडीकडे का गेला, याचं उत्तर तिथे आहे.

आता जरा जवळून बघू. चोपडीतला फाउस्ट निरोपाच्या भाषणात म्हणतो की मी वाईट आणि चांगला ख्रिश्चन म्हणून मरतो आहे. हे वाक्य माननं लेव्हरक्यूनच्या शेवटच्या रचनेचं बीज केलं: ‘डेन इश श्टेर्बं आल्स आइन ब्योझर उंट गूटर क्रिस्ट’. बोटांवर अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे (सिलॅबल), मोजा. बारा भरतात. लेव्हरक्यूनची संगीतपद्धती बारा स्वरांची, आणि निवेदक कादंबरीतच सांगतो की या बारा अक्षरांवर सप्तकातले सगळे बारा स्वर बसवले आहेत. म्हणजे सोळाव्या शतकातल्या पापभीरू चोपडीतलं वाक्य विसाव्या शतकातल्या स्वरगणितात चपखल बसलं. माझ्या बारा पानांत यातलं अक्षर नव्हतं.

उगम सापडला की वही मिटणं

मानच्या ‘बुडनब्रोक्स’ या कादंबरीच्या (1901) शेवटाकडे लहानगा हानो विषमज्वरानं जातो. ते छोटं प्रकरण माननं त्या काळच्या ज्ञानकोशातल्या नोंदीवरून घेतलं, आणि हे त्यानं पुढे एका पत्रात स्वतःच मान्य केलं. हे कळलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक ‘ढापलं!’ म्हणून टाळी वाजवतात, दुसरी ‘थोर लेखकांना सगळं माफ’ म्हणतात. प्रकरण पुन्हा वाचायचे कष्ट दोघंही घेत नाहीत.

वाचलं तर दिसतं की आधीच्या प्रकरणात हानोचा शाळेतला एक अख्खा दिवस तासातासानं आलेला आहे. भीती, कंटाळा, घरी येऊन पियानो. पान उलटावं तर समोर विषमज्वराची लक्षणं: ताप, नाडी, जीभ, ग्लानी. हानोचं नाव नाही, फक्त ‘रुग्ण’. कोशाची कोरडी भाषा हाच इथला आघात आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं तर कदाचित डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी झालं असतं, आणि कमी भेदक. नोंद संपता संपता मात्र सूर बदलतो. दूर, अनोळखी वाटेनं निघालेल्या त्या रुग्णाला जीवन मागून हाक मारतं. हाक ऐकून त्याला परतावंसं वाटलं तर तो जगेल, आणि शहारून पुढेच गेला तर मरेल. असलं काही ज्ञानकोशात नसतं. उसनं कुठे संपलं आणि पदरचं कुठे सुरू झालं ती ओळ शोधून तिच्याखाली पेन्सिल फिरवा, मग लिहायला बसा.

छापलेल्या नावांवरच विसंबणं

‘बुडनब्रोक्स’मध्येच टोमास बुडनब्रोक बागेत बसून मृत्यूवरचं एक जाडजूड तत्त्वज्ञान वाचतो आणि हलून जातो. लेखकाचं नाव दिलेलं नाही. तो शोपेनहाउअर. नावं शोधून यादी करणाऱ्याच्या हातून नेमका हाच निसटतो. (शोपेनहाउअरच्या उशाशी उपनिषदं होती, दारा शुकोहच्या फारसीवरून झालेल्या लॅटिन भाषांतरातली. म्हणून टोमासला ‘वेदान्ती’ ठरवायची घाई नको. त्या रात्री त्याला जे सुचतं त्यात नीत्शेही बराच आहे.)

लेखकाच्या कबुलीजबाबाला पंचनामा समजणं

‘डॉक्टर फाउस्टुस’ कशी लिहिली यावर माननं 1949 मध्ये एक पुस्तकच काढलं. विद्यार्थ्यांना वाटतं, आता काय, सगळं त्यानंच सांगितलंय! पण कादंबरीतल्या संगीताच्या भागात तत्त्वज्ञ आणि संगीतचिंतक आडोर्नोचा हात फार मोठा. त्याची हस्तलिखितं मानकडे होती, दोघं कॅलिफोर्नियात बसून लेव्हरक्यूनच्या रचनांवर बोलत. छापील पुस्तकात तो वाटा घरच्यांच्या आग्रहापोटी कमी करून आला, आणि 1977 पासून मानच्या रोजनिशी छापून यायला लागल्यावर चित्र बदललं. उलट कादंबरीत मात्र माननं ऋण गुपचूप फेडलंय. आठव्या प्रकरणात बेथोवनच्या शेवटच्या पियानो सोनाटावर, ओपस 111वर, व्याख्यान आहे. त्यातल्या तीन स्वरांच्या लकेरीवर वक्ता शब्द बसवून दाखवतो, आणि त्यातला एक शब्द ‘वीझनग्रुंट’. अर्थ कुरणाची जमीन. आणि आडोर्नोचं वडिलांकडचं आडनावही तेच.

संगीतकार श्योनबेर्ग एवढा नशीबवान नव्हता. बारा स्वरांची पद्धत त्याची, कादंबरीत ती लेव्हरक्यूनच्या नावावर. तो खवळला, आणि पुढच्या आवृत्त्यांत मानला शेवटी खुलासा जोडावा लागला.

‘हे तर आपलंच’ म्हणून छाती फुगवणं

मराठी वाचकाची हमखास चूक. मानच्या ‘दी फरटाउश्टन क्योप्फं’ (1940) या छोट्या कादंबरीत श्रीदमन, नंद आणि सीता आहेत, दोघा पुरुषांची मुंडकी बदललेली आहेत. आपल्याला लगेच वेताळ पंचविशी आठवते आणि आपण सोमदेवाचा कथासरित्सागर काढून तुलनेला बसतो. सोमदेवाकडे दुसरा पुरुष बायकोचा भाऊ आहे, मानकडे नवऱ्याचा मित्र. झाली ‘मानची प्रतिभा’ सिद्ध! पण मित्र असलेले पाठ वेताळकथांत आधीपासून आहेत. शिवाय मानला संस्कृत येत नव्हतं. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचली ती भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिश त्सिमर यांच्या लेखनातून, आणि त्याची पोच त्यानं अर्पणपत्रिकेत दिली आहे. त्याची खरी भर पुढे आहे. वेताळाच्या कोड्याला ‘डोकं ज्याचं, तो नवरा’ हे उत्तर मिळालं की गोष्ट संपते. मान तिथून पुढे चालतो: डोकं नव्या धडाला हळूहळू आपल्यासारखं करतं, आणि धडही डोक्यावर आपला रंग चढवतं.

माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’साठी घेतला तो मानचा हा पुढचा भाग. घोड्याच्या तोंडाचा माणूस त्यांनी स्वतः जोडला. ते नाटक विजया मेहतांनी जर्मनमध्ये बसवलं, वायमारच्या राष्ट्रीय रंगभूमीवर, म्हणजे ज्या गावात मानची लोटं घोडागाडीतून उतरते तिथे. त्या प्रयोगावर लिहिताना ‘भारतीय लोककथेवर आधारित’ एवढंच लिहून मोकळे झालात, तर मधले त्सिमर आणि मान दोघंही गळाले.