फर्स्ट इयर सायकॉलॉजी: मेंदूवाल्या चॅप्टरमध्ये या चुका टाळा

इंदूरात लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि इकडे भंवरकुआंच्या हॉस्टेलवाल्या मुलांची फर्स्ट इयरची तक्रार एकच असते, "ताई, फ्रॉइड येतो, मेमरी येते, तो बायोलॉजीवाला चॅप्टर तेवढा सांभाळा." दहावीनंतर सायन्स सुटलं म्हणून घरात पेढे वाटलेली ही मंडळी, आणि इथे आल्याआल्या पुन्हा न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या आणि नर्व्हमधल्या निरोप नेणाऱ्या पेशी! मग रट्टा सुरू होतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेमरी, अमिग्डाला म्हणजे भीती, डोपामीन म्हणजे आनंद, एक पार्ट एक काम, एक केमिकल एक भावना. एक मार्काच्या प्रश्नात ही यादी चालते, पण पेपरात "स्पष्ट करा" आलं की दोन ओळींत यादी संपते आणि मग पंख्याकडे बघत बसायचं. खालच्या बऱ्याचशा चुका या यादीच्याच आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ न्यूरोट्रान्समीटरचा, म्हणजे एका न्यूरॉनचा निरोप पुढच्या पेशीला देणाऱ्या केमिकलचा, आणि याला निम्मं कारण मोबाईलवरचे रील्स. "डोपामीन डिटॉक्स करा" म्हणे. अरे, डोपामीन काय पोटातला गॅस आहे का काढून टाकायला? पार्किन्सन्समध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि माणसाचे हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा थिजल्यासारखा होतो, म्हणजे तिथे हेच केमिकल हालचालीच्या कामाला लागलेलं असतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर जे प्रयोग केले त्यात तर अजून मजा आहे, सुरुवातीला ज्यूस मिळाला की डोपामीनच्या पेशी जोरात फायर करायच्या, म्हणजे विजेचे निरोप धाडायच्या, पण इशारा झाला की ज्यूस येतो हे माकड शिकल्यावर पेशी इशाऱ्यालाच फायर करायला लागल्या, ज्यूस आला तर विशेष काही नाही, आणि इशारा होऊन ज्यूस आलाच नाही तर फायरिंग नेहमीपेक्षा खाली गेलं. हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातल्या फरकाचा हिशोब आहे, नुसता आनंद लिहून कसं चालेल? सेरोटोनिनचंही तेच, मूड मूड करता, पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं.

यावर उपाय असा की केमिकलसमोर भावना लिहायचीच नाही, तीन गोष्टी लिहायच्या: कुठे सुटलं, कुठल्या रिसेप्टरवर (पेशीवरची केमिकल बसायची जागा) बसलं आणि त्याने पुढे काय झालं. ॲसिटिलकोलीन घेऊन करून बघा. हातापायाच्या स्नायूवर ते सुटलं की स्नायू आकसतो, हृदयावर सुटलं की ठोके मंद होतात. केमिकल एकच, रिसेप्टर वेगळा म्हणून परिणाम उलटा. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर हेच पकडलं, एका हृदयाची व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) चेतवून ते मंद केलं, त्याच्या भोवतालचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही मंद झालं, म्हणजे निरोप केमिकलने जातो. 1936 चं नोबेल त्यांना मिळालं ते नर्व्हचे निरोप असे केमिकलने जातात या शोधासाठी, हेन्री डेल यांच्यासोबत. हा प्रयोग नीट लिहिला तर पाच मार्कांचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

अ‍ॅगोनिस्ट-अँटॅगोनिस्ट डोक्यात बसत नसेल तर रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या खाऊच्या बाजारात, जा आणि काहीतरी झणझणीत खा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरवर बसतं तो खरा उष्णता ओळखणारा, साधारण 43 डिग्रीच्या वर उघडणारा आहे, म्हणून पदार्थ गार झाला तरी तोंड "भाजतं". बाहेरून आलेलं केमिकल रिसेप्टर चालू करतंय, झाला अ‍ॅगोनिस्ट. याच रिसेप्टरच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. अँटॅगोनिस्टसाठी क्युरारे लक्षात ठेवा, बाणाला लावायचं विष, ते स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या जागा अडवून बसतं आणि स्नायू लुळा पडतो. इथे बोटॉक्सचं उदाहरण देऊ नका, ते रिसेप्टर अडवत नाही, ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाही, तपासणाऱ्याने बारीक बघितलं तर मार्क जातात.

आता अ‍ॅक्शन पोटेन्शियल. न्यूरॉनमधून धावणारा विजेचा निरोप तो हा, यालाच स्पाइक म्हणतात. वहीत ग्राफ सुंदर असतो, विश्रांतीत उणे 70 मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड (निरोप सुटण्याची किमान पातळी) साधारण उणे 55, मग उंच टोक. आणि खाली वाक्य काय, "उद्दीपक जितका तीव्र तितकं टोक उंच." गेलं सगळं पाण्यात! ऑल-ऑर-नन म्हणजे थ्रेशोल्ड गाठला की स्पाइक पूर्ण, नाही गाठला तर नाहीच, मधलं काही नसतं. कुणी हळूच टपली मारली की जोरात चापट, हा फरक न्यूरॉन सांगतो तो दर सेकंदाला किती वेळा फायर होतो आणि सोबत किती न्यूरॉन फायर होतात यावरून. दुसरी चूक जवळजवळ सगळ्यांची, सोडियम-पोटॅशियम पंपामुळे स्पाइक येते म्हणतात. नाही हो. पंप तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत असं सतत करत राहतो, त्याने आतबाहेरचा फरक टिकतो; स्पाइक येते ती पेशीच्या पडद्यातली चॅनल, म्हणजे दारं, उघडून सोडियम धडाधड आत घुसतं म्हणून आणि खाली उतरते पोटॅशियम बाहेर पडतं म्हणून. ग्राफच्या चढावर "सोडियम आत" आणि उतारावर "पोटॅशियम बाहेर" असं हाताने लिहून टाका, पेपरात गडबड होणार नाही.

रिफ्लेक्समध्ये एकच गडबड, तापलेल्या तव्याला बोट लागलं की "मेंदू आदेश देतो" असं लिहितात. हात मागे येण्याचा आदेश मज्जारज्जूतूनच निघतो, मेंदूला चटका नंतर कळतो, म्हणून आधी हात मागे येतो आणि मग "आई गं" होतं. सिंपथेटिक-पॅरासिंपथेटिकवर वेळ घालवत नाही, राजवाड्याजवळ मॅजिकवाला (छोट्या प्रवासी गाडीचा ड्रायव्हर) अंगावर आला की धडधड वगैरे जे जे होतं ते सिंपथेटिक, घरी जेवून सुस्ती येते ते दुसरं.

डावा-उजवा मेंदू या भागात मात्र थांबा, इथे भलेभले घसरतात. "डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला" हे वाक्य चूक आहे. दोन्ही डोळ्यांनी समोर एका बिंदूकडे बघा, त्या बिंदूच्या डावीकडचं सगळं दृश्य दोन्ही डोळ्यांच्या रेटिनाच्या उजव्या अर्ध्या भागावर पडतं आणि तिथून उजव्या गोलार्धात जातं. डोळा नाही, दृश्याची बाजू! हे कळलं की रॉजर स्पेरी यांचे स्प्लिट-ब्रेन पेशंट आपोआप कळतात. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा, कापलेल्या माणसाला बिंदूच्या डावीकडे क्षणभर "चमचा" हा शब्द दाखवला तर तो म्हणतो काही दिसलं नाही, कारण बोलणं बहुतेकांत डाव्या गोलार्धाकडे असतं आणि शब्द गेला उजवीकडे, पण पडद्यामागच्या वस्तूंतून त्याचा डावा हात बरोबर चमचा उचलतो. क्षणभरच का दाखवायचा? जास्त वेळ दिला तर डोळे हलतील आणि शब्द दोन्हीकडे पोचेल. हे "का" लिहिणारी मुलं फार कमी. स्पेरी यांचं 1981 चं नोबेल यातलंच. पण यावरून "मी राइट-ब्रेन आहे म्हणून क्रिएटिव्ह" असं काही निघत नाही, तुमचं कॉर्पस कॅलोसम शाबूत आहे, दोन्ही बाजू दिवसभर बोलत असतात. आणि हो, दहा टक्के मेंदू वापरतो हेही लिहू नका, शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असलेला हा अवयव साधारण वीस टक्के ऊर्जा खातो, नव्वद टक्के रिकामा ठेवून एवढं बिल कोण भरेल?

फिनिअस गेजची गोष्ट सगळ्यांना आवडते, 1848, रेल्वेचं काम, डोक्यातून आरपार गेलेली सळई. चूक शेवटात होते, "तो कायमचा बिघडला" असं लिहून मोकळे. स्वभाव बदलल्याचं त्याच्या डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय, ते खरं, पण नंतर तो चिलीत जाऊन बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता, वेळापत्रक आणि प्रवासी सांभाळण्याचं काम पूर्ण बिघडलेल्या माणसाला जमत नाही. तेवढी एक ओळ घातली तर उत्तर वजनदार होतं.

जेनेटिक्समध्ये हेरिटेबिलिटी. पन्नास टक्के हेरिटेबल म्हणजे माझी निम्मी बुद्धी आईबाबांकडून आणि निम्मी कोचिंगची? असं नसतं. तो आकडा एका माणसाचा नाहीच, एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जीन्समधल्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो सांगतो, आणि परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. हाताला पाच बोटं असणं पक्कं जीन्सचं, पण लोकांत बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो तो बराचसा अपघातांमुळे, म्हणून त्याची हेरिटेबिलिटी जवळपास काहीच नाही. उलट फिनाइलकीटोन्युरिया हा आजार सरळ जीनमधून येतो, पण बाळाला जन्मल्यावर लगेच फिनाइलॲलनिन कमी असलेला आहार सुरू केला तर मेंदूचं मोठं नुकसान टळतं. म्हणजे जीन्समधून आलं तर इलाज नाही, हेही लिहायचं नाही.

राहिलं स्कॅन. "एफएमआरआयमध्ये मेंदू उजळतो" असं कुणीही लिहू नका, मशीन रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतं, तोही काही सेकंद उशिरा येणारा, आणि ते लाल-पिवळे रंग नंतर हिशोब करून भरलेले असतात. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि हजारो ठिकाणं एकदम तपासताना योगायोगाने येणारे ठिपके वगळायची आकडेमोडीतली दुरुस्ती केली नाही तेव्हा माशाच्या मेंदूतही ठिपके "उजळले", दुरुस्ती केल्यावर गायब! तुलना विचारली तर ईईजी आधी लिहा, ते विजेचे बदल मिलिसेकंदात पकडतं पण नेमकी जागा सांगायला कच्चं, एफएमआरआय जागा बरी सांगतं पण वेळेत मागे, पेट स्कॅनमध्ये रेडिओॲक्टिव्ह पदार्थ टोचावा लागतो आणि सीटी नुसती रचना दाखवतं, काम नाही.