चार पाण्यांत एचसीएल तुटतं का? क्लस्टरवर (मोजक्या रेणूंच्या पुंजक्यावर) काम सुरू करणाऱ्यांसाठी

संगणकावरच्या गणितात हायड्रोजन क्लोराइडभोवती (एचसीएलभोवती) पाण्याचा एकेक रेणू वाढवत जायचं आणि प्रोटॉन क्लोरीनला कधी सोडतो ते पाहायचं. चार पाणी धरली तरी अणू फक्त १४, डेस्कटॉपवरही चालतं, म्हणून हा विषय सोपा समजून दिला जातो. तो सोपा नाही.

क्लोराइड आयन येणार, तेव्हा बेसिस सेटमध्ये (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांच्या संचात) डिफ्यूज, म्हणजे दूरवर पसरलेली, फंक्शन्स हवीतच. कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढल्याशिवाय कुठल्याही रचनेला मिनिमम, म्हणजे ऊर्जेच्या खळग्याचा तळ, म्हणू नका. हे तुम्हाला माहीत असणार, पुढे जाऊ.

खरी मेख सुरुवातीच्या भूमितीत आहे आणि मला तिनेच सर्वांत जास्त छळलं. ऑप्टिमायझेशन (अणू हलवत ऊर्जा कमी करत जाणं) सर्वांत खालची रचना शोधून देत नाही. जिथे सोडाल तिथून उतार धरून जवळच्या खळग्यात थांबतं. एचसीएल अखंड ठेवून पाणी कडेने मांडलंत, तर बहुधा हायड्रोजन बंधांचं वलय हाती येईल. एच-सीएल बंध १.२७ अँगस्ट्रॉमपेक्षा थोडा ताणलेला, फ्रिक्वेन्सी सगळ्या धन, शेवटी ‘नॉर्मल टर्मिनेशन’, म्हणजे गणित सुरळीत संपल्याचा शेरा. गणित बरोबर असतं, पण त्यावरून ‘चार रेणूंत विचरण (आयनांत तुटणं) होत नाही’ असं लिहिलंत तर ते चूक. दुसरी रचना त्या उतारावर नाहीच. तिच्यात एका टोकाला हायड्रोनियम, दुसऱ्या टोकाला क्लोराइड आणि मधे पाण्याचे तीन रेणू असतात. हायड्रोनियम तिघांशी एकेक हायड्रोजन बंध जोडतो आणि ते तिघं आपला एकेक हायड्रोजन क्लोराइडकडे वळवतात. ही रचना हाताने बांधा. अखंड रेणू, चिकटलेली आयनजोडी, पाण्याने विलग केलेली आयनजोडी, अशा तिन्ही ठिकाणांहून सुरुवात करा आणि वर भरपूर यादृच्छिक रचना टाका. पेपरच्या पुरवणीतले को-ऑर्डिनेट्स उचलायचा मोह होईल. ताळा करायला वापरा, सुरुवातीला नको. ऊर्जेचा पृष्ठभाग, त्याचे चढ-उतार आणि खळगे, कसा आहे ते त्यातून कधीच कळत नाही.

मग ऊर्जांची तुलना. शून्यबिंदू ऊर्जा (निरपेक्ष शून्यालाही कंपनांत उरणारी ऊर्जा) धरल्याशिवाय क्रमवारी लावू नका. एकट्या एच-सीएल बंधाचीच ती मोलमागे सुमारे ४ किलोकॅलरी आहे, आणि इथे भांडण काही किलोकॅलरींचंच असतं. डीएफटी या इलेक्ट्रॉन-घनतेवरच्या पद्धतीतली साधी सूत्रं (फंक्शनल) प्रोटॉनची उडी खऱ्यापेक्षा सोपी दाखवतात, म्हणून निदान एमपी२ या वेगळ्या, जास्त खर्चिक पद्धतीने पडताळा.

तापमानही बघा. जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये चार पाण्यांतल्या विचरणाचा पुरावा मांडला, तो ०.३७ केल्व्हिनच्या हीलियम थेंबांत, पाणी एकेक रेणूने जोडत. गॉशियन हा गणिताचा प्रोग्राम मात्र न सांगता २९८.१५ केल्व्हिनची मुक्त ऊर्जा छापतं, आणि त्या तापमानाला सैल रचनांना एन्ट्रॉपीचा (हालचालीच्या मोकळिकीचा) फायदा मिळतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘प्रयोगाशी जुळत नाही’ म्हणू नका.

मार्गदर्शक निवडता येत असेल तर फक्त आकड्यांचा तक्ता मागणाऱ्यापेक्षा आउटपुट फाइल उघडायला लावणारा निवडा. सुरुवातीला त्रास होतो, पण तोच माणूस वाचवतो.

एक-दोन पाण्यांवर आयनजोडी मांडलीत आणि प्रोटॉन पुन्हा क्लोरीनकडे गेला, तर घाबरू नका, फाइलही पुसू नका. तिथे आयनजोडी टिकत नाही हा निकाल आहे. तो प्रबंधात लिहा.