फुकेटमध्ये एटीव्ही आणि झिपलाइन एकाच दिवशी: आधी झिपलाइन

एटीव्ही (मोटारसायकलसारखं हँडल असलेली जाड टायरांची चारचाकी) आणि झिपलाइन (उंचावर ताणलेल्या केबलला लटकून घसरत जाणं) यांचं एकत्र तिकीट काढताना सकाळची वेळ घ्या आणि झिपलाइन आधी मागा. मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. विजा चमकू लागल्या की झिपलाइन थांबते, एटीव्ही मात्र चिखलातही चालते. दुसरं कारण, एटीव्हीचा थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, उजव्या अंगठ्याने दाबून धरावा लागतो. तासाभरात पंजा आखडतो, आणि झिपलाइनवर मधेच अडकलात तर त्याच हातांनी केबल मागे ढकलत स्वतःला ओढत न्यायचं असतं. केबलला हात लावायचाच तर पुलीच्या (केबलवर धावणाऱ्या चाकाच्या) मागे. पुढे कधीच नाही, बोटं चिरडतात.

गुडघ्यापर्यंतची पँट घाला, नाहीतर झिपलाइनसाठी अंगाला बांधलेल्या हार्नेसचे पट्टे मांड्या सोलतात. मागे पट्टा नसलेल्या चपला नकोत.

एटीव्ही कलली की पाय टेकवायचा मोह होतो. तो आवराच: मागचं चाक पायावर चढतं. पाय फूटरेस्टवरच ठेवा, ब्रेक वळणाआधी लावा, चढावर पुढे झुका. प्रवास विम्यात साहसी खेळ धरलेत का, हे निघण्यापूर्वीच वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात.